जॉस फिअरनने मारलेली हाक

ऑड्री फिअरनला मी चर्चच्या गायनामुळे ओळखत होते. रविवारी आम्ही दोघी मागच्या रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहायचो. तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, पण ती तो मुद्दाम दाबून गायची, लोकांनी मान वळवून बघू नये म्हणून. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ती चर्चमागच्या हॉलमध्ये येऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसली, तेव्हा मला वाटलं तिचा वार चुकला.

"ऑड्री, आज तालीम नाहीये," मी म्हटलं.

"माहितीये मला. मी ब्रायनीला भेटायला आलेय," ती म्हणाली. हातमोजे काढले, मांडीवर ठेवले आणि परत घातले.

ब्रायनी टायसन आमची खासदार, आणि तिचं इथलं ऑफिस मी सांभाळायचे. आठवडाभर ती लंडनला संसदेत असायची, शुक्रवारी संध्याकाळी आगगाडीने परत यायची आणि शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात टेबल मांडून बसायची. ज्याला काही सांगायचंय त्याने यावं, सांगावं. कुणाच्या सरकारी घरात भिंतींना बुरशी धरलेली असायची, कुणाच्या मुलांची शाळेची बस बंद झालेली, कुणाला दातांचा डॉक्टर मिळत नसायचा. काहींचं काहीच काम नसायचं, ते नुसते बोलायला यायचे. खासदार होण्याआधी ब्रायनी इथल्याच शाळेत भूगोल शिकवायची. तिच्यासमोर गाऱ्हाणं घेऊन बसणाऱ्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तिच्या वर्गात नद्या चुकीच्या काढल्या होत्या, आणि ते तिलाही आठवायचं, त्यांनाही.

ऑड्रीचा नंबर आला. ती टेबलासमोर बसली आणि एकदम बोलायलाच लागली, जणू थांबली तर पुन्हा सुरुवात करता येणार नाही.

तिचा नवरा जॉस जानेवारीत मेंढ्यांना चारा घालून परत येताना अंगणात बर्फावरून घसरला. खुबा मोडला. ऑड्रीने फोन केला. फोनवरची बाई म्हणाली, त्यांना हलवू नका, काही खायला-प्यायला देऊ नका, अॅम्ब्युलन्स निघतेय. तेव्हा ऑड्रीच्या चुलीवर दुपारचं सूप होतं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा गावात दिवे लागले होते. मधल्या वेळात गारठा वाढला, मग बर्फमिश्रित पाऊस लागला. शेजाऱ्यांनी मेंढ्यांच्या कुंपणाच्या फळ्या उभ्या करून वर ताडपत्री टाकली. ऑड्री त्याच्या शेजारी दगडावर बसून राहिली, एका हाताने त्याचं डोकं धरून, दुसऱ्या हातात फोन.

"दोन वर्षांपूर्वी हे झालं असतं तर गाडी इथंच होती," ती म्हणाली. "आगीच्या बंबाशेजारी. आमच्या गेटपर्यंत यायला चहा निवायच्या आत आली असती."

ते खरंच होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या स्कार्नेस गावातलं अॅम्ब्युलन्सचं ठाणं दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. आता गाडी खिंडीपलीकडून यायची. तीही शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या दारात आधीचा पेशंट घेऊन अडकून पडलेली नसली तर.

"तो जगला, ते खरंय," ऑड्री म्हणाली. "पण फुप्फुसात सर्दी उतरली. मग एकातून एक. आता काठीवर चार पावलं चालतो. मेंढ्या पुतण्याकडे गेल्या." तिने हातमोजे पुन्हा काढले. "आणि ब्रायनी, तो... शेवटी शेवटी भान गेल्यासारखा झाला होता. आईला हाका मारत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याची आई जाऊन किती वर्षं झाली, मलाही नीट आठवत नाही."

ब्रायनीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी संसदेत सांगू का?"

"नाव घेऊ नका."

"नाही घेणार."

"मग सांगा. त्यासाठीच आलेय."

जॉसला हे ठाऊक आहे का, हे कुणी विचारलं नाही. ऑड्रीनेही आपणहून सांगितलं नाही.

त्याच्यापुढच्या बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारायला ज्यांची नावं सोडतीत निघाली, त्यांत ब्रायनीचं नाव होतं. मी ऑफिसातल्या छोट्या टीव्हीवर बघत होते. बुधवारी त्या सभागृहात काय गोंगाट असतो तो सगळ्यांनीच पाहिलाय. इकडचे तिकडच्यांना ओरडतायत, कुणी हसतंय, कुणी कागद फडकवतंय, आणि सभापती मधूनमधून शाळामास्तरासारखे गप्प करतायत. ब्रायनी उभी राहिली तेव्हाही कुजबुज चालूच होती.

ती म्हणाली, "माझ्या मतदारसंघात गेल्या महिन्यात एक मेंढपाळ स्वतःच्या अंगणात पडला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो बर्फात पडून होता, कारण आमच्या गावातली अॅम्ब्युलन्स काढून घेतली आहे आणि अॅम्ब्युलन्स सेवेने आमच्या किनाऱ्याला वाऱ्यावर सोडलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस शेवटी आपल्या आईला हाका मारत होता. आई कधीच गेली होती. आणि दुसरं कुणीही येत नव्हतं."

सभागृह गप्प झालं. बुधवारी तिथे अशी शांतता पडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. पंतप्रधान उठले, त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि ऐकून फार वाईट वाटलं असं म्हणाले. आरोग्यमंत्री यात लक्ष घालतील, असंही म्हणाले. संध्याकाळच्या बातम्यांत ते वाक्य तीनदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर बर्फातल्या मेंढीचं चित्र टाकलं, खाली मोठ्या अक्षरांत 'आई!' एवढंच. आठवड्याभरात ब्रायनीला त्याच विषयावर पुढच्या एका शुक्रवारी दुपारी अर्धा तास बोलायची वेळ ठरवून मिळाली. एका अडगळीतल्या किनाऱ्याच्या खासदाराला हे सहजासहजी मिळत नाही.

आम्ही दोघी खूश होतो.

नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण स्कार्नेसमध्ये जानेवारीत अंगणात कोण पडला होता, हे कुत्र्यांनाही माहीत होतं. जॉस गुरुवारी पुतण्याबरोबर मेंढ्यांच्या बाजारात गेला, मेंढ्या नसल्या तरी गुरुवारी बाजारात जायची सवय होती म्हणून. तिथे कुंपणाला टेकलेल्या एकाने विचारलं, "काय जॉस, आज आई नाही आली बरोबर?"

लोक हसले. वाईट लोक नव्हते ते. त्यांतल्या दोघांनी तर त्या दिवशी जॉसवर ताडपत्री टाकली होती.

सोमवारी ऑफिसातला फोन वाजला.

"खासदारबाई आहेत का?"

मी आवाज ओळखला. "लंडनला आहे ती, जॉस. काही निरोप?"

"आल्या की इकडे पाठव. मीच आलो असतो, पण मी पडलोय हे त्यांनी अख्ख्या देशाला सांगितलंच आहे."

शनिवारी सकाळी मी ब्रायनीला गाडीतून घेऊन गेले. फिअरनांचं शेत गावाच्या वर आहे, दोन्ही बाजूंना दगडी बांध घातलेल्या अरुंद रस्त्याने जावं लागतं. वाटेत ब्रायनी एकदाच बोलली. "ऑड्रीने त्याला विचारलं असेल असं मी धरून चाललं होतं का गं? का मला विचारायचंच नव्हतं?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. उत्तर मला नको होतं आणि तिलाही.

जॉस स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या खुर्चीत बसला होता. मोठ्या हाडापेराचा माणूस, आता कोट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. ऑड्रीने चहा ओतला, लोणी लावलेला मनुकांचा पाव मांडला. कुणी हात लावला नाही.

"बसा," जॉस म्हणाला. "तुमचं भाषण ऐकलं. चांगलं बोलता."

"जॉस, मी माफी मागायला आलेय," ब्रायनी म्हणाली.

"कशाची? खोटं काही बोलला नाहीत. पडलो होतो. हाका मारल्या असतील. मला आठवत नाही, पण बायको म्हणते म्हणजे मारल्या असतील." त्याने ऑड्रीकडे न बघताच मानेने तिच्या बाजूला खूण केली. "पण ते माझं होतं. माझ्या अंगणात, माझ्या तोंडून निघालेलं. ते तुम्ही उचललंत आणि त्या लोकांसमोर ठेवलंत, मतं मिळवायला."

"मतांसाठी नाही."

"बरं, गाडीसाठी. मिळाली का गाडी?"

"अजून नाही."

"मग? माझी आई गेली ती गेली. वर बाजारातली पोरं तिच्या नावाने हसतायत. तुम्हाला ठाऊक नाही ती कशी होती. आठ मुलं वाढवली तिने. तिच्यासमोर यांच्यातल्या एकाचीही तोंड उघडायची छाती झाली नसती."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ब्रायनी म्हणाली. "विचारलं नाही. त्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

"नाहीच." मग तो पहिल्यांदा बायकोकडे वळला. "आणि तूही. घरातली गोष्ट टेबलावर नेऊन मांडलीस. मी काय चर्चच्या जत्रेतला केक आहे?"

ऑड्री सिंकपाशी उभी होती. तिने हातातलं फडकं कट्ट्यावर ठेवलं. गाताना जो आवाज ती दाबायची, तो त्या दिवशी दाबला नाही.

"तुझीच होती का रे ती गोष्ट? एकट्याची?"

"म्हणजे?"

"तू पडला होतास. निम्म्या वेळात तर तू शुद्धीवर नव्हतास. मी होते. फोनवरच्या त्या बाईला दर थोड्या वेळाने विचारत होते, आणि ती 'निघालीये, निघालीये' म्हणत होती. तिचा आवाजही रडवेला झाला होता. मी तुझ्या ओठांचा रंग बघत होते, जॉस. तुला सोडलं तर तू जाशील असं वाटत होतं, म्हणून मी लघवीलाही उठले नाही. ती दुपार जेवढी तुझी होती, तेवढीच माझीही होती. मी माझी गोष्ट सांगायला गेले होते."

जॉस शेगडीकडे बघू लागला.

"आणि तू हाका मारल्यास त्या आईला," ऑड्री म्हणाली. "मी शेजारी होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तू मला नाही हाक मारलीस. आई, आई करत होतास, येत का नाही विचारत होतास. मी किती वेळ ऐकून घेणार? मग मीच ओ दिली. म्हटलं, 'आहे रे, इथंच आहे मी.' तुला वाटलं तीच आली. तू गप्प झालास. मग अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी तुझी आईच होते."

घड्याळ, शेगडी, बाहेर वारा. मला तिथे बसून राहण्याची लाज वाटली. ब्रायनीने मान खाली घातली होती.

"हे तू मला सांगितलं नाहीस," जॉस म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. त्या दिवसाचं नाव काढलं की तू टीव्ही लावायचास."

तो काठी घेऊन उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. आम्ही तिघी आत. ऑड्रीने थंड झालेले कप उचलले, ओतून दिले, पुन्हा चहा ठेवला. ब्रायनी हळूच म्हणाली, "मी शुक्रवारचं भाषण रद्द करते. दुसऱ्या विषयावर बोलेन." ऑड्रीने नुसते खांदे उडवले.

खिडकीतून तो दिसत होता, काठीवर रेललेला, जिथे पडला होता तिथल्या दगडांकडे बघत. मग आत आला. खुर्चीत बसायला त्याला बराच वेळ लागला. ऑड्रीने हात पुढे केला, तो त्याने धरला, नाही म्हणाला नाही.

"लिंझीचं ऐकलंत का?" त्याने ब्रायनीला विचारलं.

"कोण लिंझी?"

"ज्या पोरीने मला गाडीत घातलं ती. तुम्ही तिथे म्हणालात ना, सेवेने आम्हाला वाऱ्यावर सोडलंय. परवा पेट्रोल पंपावर तिच्या गणवेशावर कुणीतरी कॉफी फेकली. म्हणाले, म्हाताऱ्याला मरायला टाकलंत. ती पोर सकाळपासून हॉस्पिटलच्या दारात उभी होती, गाडीत दुसरा म्हातारा घेऊन. आत खाट नाही म्हणून त्याला उतरवून घेईनात. त्याला टाकून माझ्याकडे येणार होती का ती? माझ्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा माफीच मागितली तिने. मी म्हटलं, तू कशाला मागतेस."

"हे मला माहीत नव्हतं," ब्रायनी म्हणाली.

"मग आता झालं. शुक्रवारी तेच सांग." 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्याच्याही लक्षात आलं नसावं. "रद्द-बिद्द करू नकोस, पोरी. एवढं सगळं झाल्यावर रद्द केलंस तर मी उगाचच पडलो म्हणायचं. पण आईचं नाव काढायचं नाही. आणि मी तिथे येऊन बसणार. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्या तोंडावर बोल."

"एवढ्या लांब? या अवस्थेत?" ऑड्री म्हणाली.

"मला गाडीत बसायचंय. खुब्याला गाडी चालवायची नाहीये."

शुक्रवारी आम्ही तिघं लंडनला गेलो. जॉस आयुष्यात दुसऱ्यांदा जात होता. पहिल्यांदा तो लोकरीच्या प्रदर्शनाला गेला होता, आणि चहा पाणचट होता एवढंच त्याला आठवत होतं. प्रेक्षकांच्या सज्जात आम्हाला काचेमागे बसवलं. जॉसने खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"बाकीचे कुठे आहेत?"

खाली हिरव्या बाकांवर पाच-सहा माणसं होती. शुक्रवारी दुपारी खासदार आपापल्या गावी निघतात. सभापतींच्या खुर्चीत त्यांचे दुय्यम, समोर आरोग्य खात्याचे एक तरुण राज्यमंत्री, त्यांच्यामागे फोन बघणारा एक जण, आणि रिकाम्या बाकांमध्ये एकटी ब्रायनी.

"शुक्रवारी असंच असतं," मी म्हटलं.

"बाजारात मेंढी विकायची तरी याहून जास्त माणसं जमतात," जॉस म्हणाला.

ब्रायनी बोलायला उभी राहिली. बुधवारचा तिचा आवाज मला आठवत होता, धार लावल्यासारखा. आजचा वेगळा होता. तिने सांगितलं की गेल्या वेळी तिने एक गोष्ट अर्धवट सांगितली होती आणि ज्यांचा दोष नाही त्यांच्यावर बोट दाखवलं होतं. मग तिने हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून उभ्या असलेल्या मुलीबद्दल सांगितलं. गाडीत झोपलेल्या त्या दुसऱ्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं, ज्याला घरी परत नेता येत नाही कारण तिथे त्याला बघायला कुणी नाही, आणि आत घेता येत नाही कारण खाट नाही. आणि मग अंगणात फोन धरून बसलेल्या एका बाईबद्दल.

"आपण वाट बघणाऱ्या पेशंटचा वेळ मोजतो," ती म्हणाली. "त्याच्याशेजारी बसलेल्या माणसाचा वेळ कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्या बाईंनी मला सांगितलं की त्या जागच्या हलल्या नाहीत. मी विचारते, त्या हलल्या असत्या तर मदत मागायला कुठे गेल्या असत्या?"

ऑड्री समोरच्या काचेकडे बघत ताठ बसली होती. जॉसने आपला हात तिच्या हातमोज्यावर ठेवला.

भाषण चांगलं झालं. पण सभागृह गप्प झालं नाही, कारण ते आधीच गप्प होतं. मला सारखं वाटत होतं, आता ती ते वाक्य बोलेल, एकदाच, आणि फोन बघणारा तो माणूस मान वर करेल. ती बोलली नाही.

मंत्री उत्तराला उठले. तरुण, नम्र, कागदावरून वाचत होते. अॅम्ब्युलन्स सेवेवरचा ताण, नवी गुंतवणूक, स्थानिक पातळीवरचे निर्णय. मग म्हणाले, "आणि स्कारनीजमधल्या रहिवाशांना मी सांगू इच्छितो की..."

"स्कार्नेस!" जॉस म्हणाला. काच होती, तरी आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

काळ्या कोटातला पहारेकरी वाकून म्हणाला, "साहेब, इथे बोलायची परवानगी नाही."

"मग ज्यांना परवानगी आहे त्यांना गावाचं नाव तरी शिकवा."

पहारेकऱ्याने मिशीतल्या मिशीत हसू दाबलं आणि मागे सरला.

नंतर बाहेरच्या मोठ्या दालनात ब्रायनी मंत्र्यांना घेऊन आमच्याकडे आली. मंत्र्यांनी जॉसशी हात मिळवला, तब्येत विचारली, तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा म्हणाले. ब्रायनी श्वास रोखून उभी होती. मीही. जॉस काय बोलेल याचा नेम नव्हता.

"तुझं गाव कुठलं?" जॉसने विचारलं.

मंत्र्यांनी दक्षिणेकडच्या एका शहराचं नाव सांगितलं.

"तिथं हॉस्पिटल किती लांब?"

मंत्री जरा गोंधळले. "जवळच आहे. आमच्या घरून चालत जाता येतं."

"बरंय," जॉस म्हणाला. "चांगलं आहे ते."

बास, एवढंच. मंत्र्यांना कुणीतरी बोलवायला आलं.

परतीच्या आगगाडीत ब्रायनी आमच्याबरोबरच होती. ऑड्री खिडकीला डोकं टेकून झोपली. जॉसने सँडविचमधली काकडी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आईचं ते तू आज बोलली असतीस, तर तो मंत्री कागद वाचत बसला नसता."

"कदाचित."

"कदाचित नाही. मला कळतं तेवढं. आज तू बोललीस ते खरं होतं, पण त्या दिवशी बोललीस ते ऐकलं गेलं."

"हो," ब्रायनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता. "हेच मला सोडवता येत नाही, जॉस. लोक माझ्याकडे येतात आणि त्यांचं सगळ्यात नाजूक जे असेल ते माझ्या हातात देतात. ते पुढे केलं तरच दारं उघडतात. आणि पुढे केलं की त्यांच्याकडे काय उरतं?"

बाहेर सपाट शेतं मागे पडत होती, अजून डोंगर लागले नव्हते.

"तरी बरं केलंस, पोरी," तो म्हणाला. मग लगेच, "मत मात्र देणार नाही हां. आमच्या घरात तुमच्या पक्षाला कुणी दिलेलं नाही."

"माहितीये मला," ब्रायनी म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

त्या भाषणाबद्दल कुठल्याही वर्तमानपत्राने ओळभरही छापलं नाही. वसंत गेला, उन्हाळा गेला. ब्रायनी मंत्र्यांच्या कार्यालयाच्या मागे लागली, अॅम्ब्युलन्सच्या साहेबलोकांना गावात बोलावून तिने हॉलमध्ये सभा घेतली, तिथे लोक इतके ओरडले की साहेबांची बाजू कुणाला ऐकूच आली नाही. लिंझी त्या सभेत बोलली. तिच्यावर कॉफी फेकणारा माणूसही तिथेच होता म्हणतात, पण तो कोण ते तिने सांगितलं नाही. हिवाळा तोंडावर आला तेव्हा बातमी आली की एक गाडी स्कार्नेसमध्ये आगीच्या बंबाशेजारी ठेवणार, फक्त हिवाळ्यापुरती, प्रयोग म्हणून. हिवाळा संपल्यावर मुदत वाढवली. पुढच्या वर्षी पुन्हा वाढवली. कायमची असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या दारातली रांग तशीच आहे.

कशाने झालं ते? बुधवारच्या त्या एका वाक्याने, शुक्रवारच्या भाषणाने, की सभेतल्या आरडाओरड्याने? मी एकदा ब्रायनीला विचारलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही. आणि खरं सांगू का, माहीत करून घ्यायची मला भीती वाटते." त्यानंतर मात्र टेबलापलीकडच्या माणसाला ती न चुकता विचारायची, हे अजून कुणाचं आहे? त्यांना विचारलंत का? काही जण वैतागायचे. काही जण उठून घरी जायचे आणि पुढच्या महिन्यात दोघं मिळून यायचे.

पुढच्या निवडणुकीत ती हरली. थोडक्यात हरली, पण हरली. आता ती पुन्हा शाळेत शिकवते. नव्या खासदाराचं ऑफिस दुसरीकडे आहे आणि मी घरीच असते.

गेल्या वसंतात मी एकदा ऑड्रीकडे गेले होते. जॉस गेटजवळ बांधाला टेकून उन्हात उभा होता. त्याच्या पुतण्याने दोन-चार मेंढ्या परत आणून खालच्या शेतात सोडल्या होत्या, त्यांच्याकडे तो बघत होता. आत खिडकी उघडी होती आणि ऑड्री भांडी घासताना गात होती, अख्खं शेत ऐकेल अशी. आम्ही हवेबद्दल बोलत होतो, तेवढ्यात खालून अॅम्ब्युलन्स आली. रस्ता अरुंद, त्यामुळे ती अगदी आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. लिंझी चालवत होती. तिने हात केला, जॉसने काठी वर केली. गाडी वळणापलीकडे वरच्या शेतांकडे गेली.

वरती चारच घरं आहेत, सगळी आमच्या ओळखीची. "कुणाकडे गेली असेल रे?" मी म्हटलं. "थांब, मी फोन करून विचारते."

"नको," जॉस म्हणाला. त्याची नजर अजून वळणावर होती. "गाडी गेलीये ना त्यांच्याकडे? मग झालं. सांगावंसं वाटलं तर सांगतील ते."